छोट्या कॉमिक्स प्रकाशनात पानांच्या तारखा आणि टपालाच्या ऑर्डरी एकाच वेळी कशा सांभाळायच्या?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरची बहीण-भावाची जोडी आहे. भाऊ चित्रं काढतो. बहीण लिहिते, रंगवते आणि बाकीचं सगळं बघते. ६४ पानांचं रंगीत कॉमिक काढायचंय, त्यातली २६ पानं तयार आहेत. ‘दिवाळीला घरपोच’ असं सांगून २१० जणांकडून २५० रुपयांप्रमाणे पैसे घेतलेत. गणपती तोंडावर आलेत, दिवाळीला दहा आठवडे उरलेत आणि ‘ताई, माझं पुस्तक कधी?’ या निरोपांना उत्तरं देण्यात बहिणीचा अर्धा दिवस जातोय. पानं आणि ऑर्डरी दोन्ही एकदम कसं सांभाळायचं, असं तिने विचारलंय. मी पुण्यात बरीच वर्षं हाच उद्योग करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी कागद-पेन्सिल घ्या. तुमचा भाऊ एक पान पेन्सिल आणि शाई धरून दीड दिवसात उरकतो, असं तुम्ही लिहिलंय. हा वेग चांगला आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. उरलेली ३८ पानं गुणिले दीड म्हणजे ५७ दिवस. आठवड्याचे सहा दिवस धरले तर साडेनऊ आठवडे. म्हणजे गणपतीत आरतीला न जाता, नवरात्रात कुणाकडे न जाता, एकदाही ताप न येता भाऊ बसला, तर दिवाळीच्या सुमारास फक्त चित्रं संपतील. पुढे रंग, अक्षरं, मुद्रितशोधन, छपाई, बांधणी, पाकिटं आहेतच. दिवाळीला पुस्तक होत नाही. हे आज कबूल केलंत तर बाकीचं सोपं आहे. ऑक्टोबरात कबूल केलंत तर २१० माणसं तुमच्यावर चिडतील आणि त्यांचं बरोबर असेल.

हा हिशेब पानं मोजून होतो, तरी बहुतेक जण तारीख ठरवताना पानं मोजत नाहीत, सण मोजतात. आमच्याकडे ‘दिवाळीला आलं पाहिजे’ हा दिवाळी अंकांनी लावलेला रोग आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी प्रकाशकाच्या डोक्यात ही एकच तारीख बसली आहे. आणि नेमकं त्यामुळेच छोट्या माणसाने दिवाळी टाळावी. गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुण्यात काय, कोल्हापुरात काय, चांगल्या प्रेसवर मशीन रिकामं मिळत नाही. मशीन मिळालं तर बाइंडर मिळत नाही. तुमचं ५०० प्रतींचं काम पाच हजारांच्या अंकाखाली दाबलं जातं आणि प्रेसवाला ‘उद्या नक्की’ म्हणत राहतो. त्याची चूक नसते, त्याचं वर्ष त्या दोन महिन्यांवर उभं असतं. नोव्हेंबर-डिसेंबरात दिनदर्शिका आणि डायऱ्या येतात. तमिळनाडूत शिवकाशीला छापायला पाठवायचा विचार असेल तर तिथेही त्या दिवसांत तेच. मार्चमध्ये संस्थांचे अहवाल, मे-जूनमध्ये शाळेची मार्गदर्शकं. पावसाळ्यात कागद ओल धरतो, शाई वाळायला वेळ लागतो, लॅमिनेशन केलेलं मुखपृष्ठ वाकतं. डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा मोकळा काळ. आमची बहुतेक पुस्तकं त्याच दिवसांत छापून येतात.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारता, दोन्ही एकदम कसं सांभाळायचं. माझं उत्तर: दोन्ही एकदम करायचंच नाही. शेवटचं पान शाईत उतरून त्यावर अक्षरं बसल्याशिवाय एक रुपयाही घ्यायचा नाही. पूर्वनोंदणी म्हणजे वाचकाने दिलेलं बिनव्याजी कर्ज आहे, आणि त्याचा हप्ता तुम्ही रोज निरोपांना उत्तरं देऊन फेडत असता. पानं अर्धी असताना पैसे घेतले की रंगवायचा वेळ त्या हप्त्यात जातो, म्हणून पानं लांबतात, म्हणून निरोप वाढतात.

लगेच प्रश्न येईल की छपाईला पैसे कुठून आणायचे. त्यासाठी पूर्वनोंदणी लागतेच, पण ती तीन आठवड्यांची पुरते. फाइल तयार झाली की प्रेसकडून दर घ्या, नोंदणी उघडा, तीन आठवड्यांनी बंद करा. जमलेल्या आकड्यावरून किती छापायचं ते ठरवा. दोनशेच्या आत असेल तर डिजिटल छपाई परवडते. त्यापुढे ऑफसेटला, म्हणजे प्लेट बनवून छापायला या, कारण प्लेटचा खर्च २०० प्रतींना आणि १००० प्रतींना सारखाच पडतो. प्रेसवाला अर्धी रक्कम आगाऊ घेतो, ती या पैशांतून जाते. नोंदणी बंद झाल्यापासून पाकीट पोस्टात पडेपर्यंत महिना-सव्वा महिना. एवढा वेळ माणूस गप्प बसतो. सहा महिने कुणीच बसत नाही, आणि बसावं तरी का?

यात नवीन काही नाही. अमेरिकेत १९९३ साली व्हॅलियंट आणि इमेज या दोन प्रकाशनांनी मिळून ‘डेथमेट’ नावाची मालिका जाहीर केली. दुकानदारांनी परत न करण्याच्या बोलीवर गठ्ठ्यांनी मागणी नोंदवली. व्हॅलियंटचे भाग वेळेवर आले, इमेजचे काही महिने रखडले. ते आले तोवर गिऱ्हाइकाचा उत्साह ओसरला होता आणि गठ्ठे दुकानांत पडून राहिले. तिथे नावाजलेले चित्रकार होते, पैसा होता. फक्त पानं नव्हती.

उलट उदाहरण कॅनडाचं. ‘सेरेबस’ हे कॉमिक डेव्ह सिम यांनी स्वतःच प्रकाशित केलं, १९७७ ते २००४ या काळात ठरवलेले ३०० अंक पुरे केले. साधारण ६५व्या अंकापासून पार्श्वभूमीची चित्रं गेरहार्ड हे दुसरे चित्रकार काढू लागले. तुमच्यासाठी यातला कामाचा भाग हा: तुमच्या भावाच्या दीड दिवसातला किती वेळ वाड्यांच्या खिडक्या, रंकाळ्याच्या पायऱ्या आणि गर्दी काढण्यात जातो ते एकदा घड्याळ लावून बघा. कोल्हापुरात कलाशाळेतली मुलं कमी नाहीत. पानामागे ठरलेले पैसे देऊन पार्श्वभूमी त्यांच्याकडून करून घेतली तर तो दीड दिवस एकावर येतो. पैसे पान हातात आल्यावर द्या, महिन्याचे म्हणून देऊ नका. आणि पुस्तकात त्यांचं नाव छापा.

मराठी कॉमिकमध्ये वेळ खाणारी आणखी एक जागा आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही: फुग्यातली अक्षरं. आपल्याकडे चित्रकार रोमन अक्षरांची कॉमिक्स बघून वाढलेला असतो आणि त्या मापाने फुगा सोडतो. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा-रफार, खाली उकार. दोन ओळींत जास्त अंतर लागतं, आणि ‘स्वातंत्र्यसैनिकांच्या’ हा एक शब्दच अर्धा फुगा व्यापतो. अक्षरं शेवटी बसवायला घेतली की कळतं, तीस-चाळीस फुगे लहान पडलेत. मग एकतर चित्र पुन्हा काढा, नाहीतर संवाद कापा, नाहीतर अक्षर इतकं बारीक करा की आजोबांना भिंग लागेल. उपाय सोपा आहे. पेन्सिल झाली की स्कॅन करून संवाद टाइप करून पानावर ठेवा, फुग्याचं माप तिथे ठरवा, मगच शाई. बहिणीने हे काम पेन्सिलच्या टप्प्यावरच घ्यावं, कारण कापायचा संवाद तिनेच लिहिलेला असतो. फॉन्ट युनिकोडच घ्या. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘बालू’ फॉन्ट मोफत आहे आणि फुग्यात शोभतो. जुन्या फॉन्टमधून मजकूर बदलून आणलात तर जोडाक्षरं फुटतात आणि ते मुद्रितात हमखास सुटतं. पानं मांडायला इनडिझाइन वापरत असाल तर त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर (आपल्या लिप्या नीट जुळवणारी सोय) सुरू आहे ना ते बघा, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर बसेल. प्रेसला फाइल देताना अक्षरं आउटलाइन करून (म्हणजे त्यांचे चित्रासारखे आकार करून), आणि काळी अक्षरं एकट्या काळ्या शाईत. चार रंगांचं काळं दिलंत तर प्लेट केसभर सरकली की प्रत्येक फुग्याला लाल-निळी झालर येते.

आता टपाल. इथे दोन निर्णय पुस्तक काढण्याआधी घ्यायचे असतात, कारण नंतर ते बदलता येत नाहीत.

पहिला वजनाचा. बुक पोस्ट २०२४च्या डिसेंबरात बंद झालं, रजिस्टर्ड पोस्ट २०२५मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. पुस्तकांसाठी आता मे २०२५पासून ज्ञान पोस्ट आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५०० ग्रॅमपर्यंत २५, पुढे चढत जाऊन ५ किलोला १००, वर कर. स्पीड पोस्टने अर्धा किलोपर्यंतचं पाकीट परगावी पाठवायला अंतराप्रमाणे ७० ते ९३ रुपये अधिक जीएसटी पडतो. २५० रुपयांच्या पुस्तकाला हा फरक केवढा आहे ते बघा. दर खिडकीवर विचारूनच घ्या, पोस्ट हल्ली वरचेवर बदलतं. आता तुमचं पुस्तक: सव्वासात बाय साडेनऊ इंच, ६४ पानं, १३० जीएसएम (चौरस मीटरला १३० ग्रॅम) आर्ट पेपर, ३००चं मुखपृष्ठ. हे भरतं साधारण २१० ग्रॅम. दोन्ही बाजूंना पुठ्ठा, आत प्लॅस्टिक, वर पाकीट, चिकटपट्टी की तीनशेच्या काठावर. आतला कागद १०० जीएसएमचा घेतला तर पुस्तकच १७०पर्यंत येतं आणि पुठ्ठा जाड घेता येतो. एक कोरं डमी बाइंडरकडून बांधून घ्या, पॅक करा, वाण्याच्या काट्यावर ठेवा. कागद त्यानंतर ठरवा.

दुसरा निर्णय स्वरूपाचा. ज्ञान पोस्टात नियतकालिक चालत नाही आणि जाहिरातीही चालत नाहीत. स्वतःच्या पुस्तकांची यादी असली तर हरकत नाही. प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं हवं. म्हणजे मुखपृष्ठावर ‘अंक पहिला, त्रैमासिक’ असं लिहिण्याची हौस असेल तर ती आवरा. मलपृष्ठावर एखाद्या मसालेवाल्याची जाहिरात घेऊन पाच हजार मिळतील, पण टपालात त्याहून जास्त जातील. शिवाय नियतकालिक म्हटलं की त्याची नोंदणी आली. पुस्तक म्हणून काढा, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक घ्या. तो राजा राममोहन रॉय संस्थेकडून मोफत मिळतो. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे आणि कॉमिक त्यात बसतं की नाही हे खिडकीवरच्या माणसाच्या मनावर राहू नये, म्हणून छापून आल्यावर एक प्रत घेऊन आधी पोस्टमास्तरांना भेटा. चहाच्या वेळेला जाऊ नका.

व्ही. पी.च्या, म्हणजे पोस्टमनने पैसे घेऊन पाकीट देण्याच्या भानगडीत पडू नका. ‘पुस्तक पाठवा, आल्यावर पैसे देतो’ म्हणणारे बहुतेक प्रामाणिक असतात, पण पोस्टमन आला तेव्हा घरात कुणी नसतं, आणि पाकीट कोपरे झिजवून परत येतं. येण्या-जाण्याचा खर्च तुमचा. अपवाद सार्वजनिक ग्रंथालयांचा. ती अनुदानावर चालतात, बिल घेऊन मगच पैसे देतात आणि त्यांची खरेदी मार्चअखेरीस जोर धरते. त्यांना उधारीवर द्या, पैसे उशिरा का होईना येतात.

ऑर्डरींचं काम आठवड्यातल्या दोन दिवसांना बांधून टाका. आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार. सोमवारी रात्रीपर्यंत आलेली ऑर्डर मंगळवारी जाते, नंतरची शुक्रवारी. हे पैसे घेतानाच लिहून टाका. निरोपांना उत्तरंही त्याच दिवशी, संध्याकाळी एक तास. बाकीचे दिवस तो नंबर दुसऱ्या फोनमध्ये, आणि तो फोन दुसऱ्या खोलीत. वाचकाला लगेच उत्तर मिळालं नाही तर राग येत नाही, कधी मिळेल हे माहीत नसलं की येतो.

यादी एकच ठेवा, एका शीटमध्ये. नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, मोबाइल, प्रती, यूपीआयच्या व्यवहार क्रमांकाचे शेवटचे आकडे, पाठवल्याची तारीख, पोस्टाचा क्रमांक. व्यवहार क्रमांक मागायचाच, कारण पैसे बायकोच्या खात्यातून येतात, ऑर्डर नवऱ्याच्या नावावर असते आणि पुस्तक मुलीच्या होस्टेलवर पाठवायचं असतं. स्क्रीनशॉटच्या जंगलात हे कधीच जुळत नाही. पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलने शीटमधला अनुक्रमांक लिहा आणि त्याच क्रमाने गठ्ठा खिडकीवर द्या. पावत्या त्याच क्रमाने बाहेर येतात, मग कुणाचा क्रमांक कुणाला गेला हा गोंधळ होत नाही. महाराष्ट्रात मराठी पत्ता व्यवस्थित पोचतो. बाहेर पाठवताना इंग्रजीही टाका. कुरिअरवाले ‘आम्ही सगळीकडे जातो’ म्हणतात, पण भामरागड किंवा अक्कलकुव्याचा वाचक मिळाला की पोस्टच लागतं. असे वाचक मिळतात, आणि तेच पत्र लिहून कळवतात.

पॅकिंगमध्ये काटकसर नको. इंद्रजाल कॉमिक्स १९६४मध्ये सुरू झालं, मराठीतही निघायचं, १९९०मध्ये बंद पडलं. त्यावर वाढलेली पिढी आता पन्नाशीच्या पुढे आहे, तिच्या हातात पैसे आहेत, आणि ती प्रत वाचायला एक, ठेवायला एक अशी घेते. त्यांना दुमडलेला कोपरा चालत नाही. पुठ्ठा पुस्तकापेक्षा चहूबाजूंनी अर्धा इंच मोठा कापा, पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी, गुंडाळी करून कधीच पाठवायचं नाही. दर शंभराला तीन-चार प्रती खराबीसाठी बाजूला ठेवा आणि तक्रार आली की वाद न घालता दुसरी पाठवा. चार प्रती तर कायद्यानेच जातात: १९५४च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा आणि दिल्लीचं सार्वजनिक ग्रंथालय. छापून आल्यापासून ३० दिवसांत. पहिल्याच गठ्ठ्यात ती पाकिटं घाला, मागे राहिली की राहतातच.

दुकानदारांचं एक. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तक-दुकानदाराला तुम्ही ४० टक्के सूट देता आणि इकडे वाचकाला घरपोच सवलतीत आधी देता, हे त्याला खपत नाही. ‘सेरेबस’च्या ‘हाय सोसायटी’ या संग्रहाची १९८६मध्ये थेट टपालाने विक्री केली तेव्हा तिकडचे वितरक असेच भडकले होते. वाचकाला आधी द्या, पण किंमत सारखी ठेवा. टपालाच्या ग्राहकाला सवलतीऐवजी भावाची सही द्या. सहीला वजन नसतं.

परदेशातल्या ऑर्डरी पहिल्या पुस्तकाला घेऊ नका. २०२५च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेने सीमाशुल्काचे नियम बदलले आणि आपल्या पोस्टाने तिकडची पार्सलं थांबवली. ती पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळी आठवड्यावर आली असताना. ज्यांनी न्यू जर्सीच्या मराठी मंडळींकडून दिवाळीसाठी पैसे घेतले होते त्यांनी काय उत्तरं दिली असतील, कल्पना करा. त्यांना पीडीएफ विका, किंवा सुट्टीत येणाऱ्या नातेवाइकाचा इथला पत्ता मागा.

आता तुमचं वेळापत्रक. सण धरून भावाची पानं नोव्हेंबरअखेर संपतील. तुमचे रंग त्याच्या मागे दहा पानांच्या अंतराने चालू राहू देत. डिसेंबरच्या मध्याला प्रेसला फाइल, दिनदर्शिकांची गर्दी ओसरली की मशीनवर, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गठ्ठे घरी. तारीख सांगताना त्यापुढचे पंधरा दिवस तुमच्यासाठी ठेवा. नवीन ऑर्डर घेणं आज बंद. जमलेले ५२,५०० रुपये वेगळ्या खात्यात हलवा, त्यातून रंगांची पेनंसुद्धा घेऊ नका. प्रेसची आगाऊ रक्कम तेवढी त्यातून द्यायची, तीही पैसे परत मागायची मुदत संपल्यावर. आणि आज रात्री २१० जणांना हा एकच निरोप पाठवा, हवा तर तसाच उतरवून घ्या:

‘नमस्कार. आपल्या पुस्तकाची ६४पैकी २६ पानं पूर्ण झाली आहेत. दिवाळीला पुस्तक येणार नाही. २६ जानेवारीपर्यंत ते तुमच्या हातात असेल. तोवर थांबायचं नसेल तर १५ सप्टेंबरपर्यंत “परत” एवढंच लिहून पाठवा, आठवडाभरात पूर्ण पैसे जमा करू, कारण विचारणार नाही. दर महिन्याच्या १ तारखेला किती पानं झाली ते कळवू आणि एक नवीन पान दाखवू. बाकीच्या निरोपांना मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी उत्तर मिळेल.’

दहा-पंधरा जण पैसे परत मागतील. त्याच रात्री देऊन टाका.